मंडईतलं नाटक मोबाइलवर गेलं, आता काय करायचं?

विचारणाऱ्यांची वडशाकडची, म्हणजे झाडीपट्टीतली (आमच्या पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यातली) लहान नाटक कंपनी आहे. मागच्या मंडईत (दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी भरते ती जत्रा) प्रेक्षकांत बसलेल्या एका पोराने त्यांचं अख्खं नाटक मोबाइलवर शूट केलं आणि तीन तुकडे करून यूट्यूबवर टाकलं. वर मथळा 'झाडीपट्टी फुल कॉमेडी'. कंपनीचं नाव नाही, लेखकाचं नाही, नटांचं नाही. या हंगामात दोन गावच्या मंडळांनी तारीख ठरवताना 'तुमचं नाटक तर आमी मोबाइलवरच पाह्यलं' म्हणत भाव पाडला. कंपनीने रागाच्या भरात स्वतः ते नाटक चढवलं, तर दुसऱ्या अंकातल्या लावणीवर एका म्युझिक कंपनीचा क्लेम, म्हणजे 'हे गाणं आमचं' असा दावा, येऊन बसला. आता त्यांचं विचारणं असं: पोरावर स्ट्राइक मारावा (यूट्यूबकडे तक्रार करून त्याच्या चॅनेलवर ठपका बसवावा), पोलिसांत जावं, की जाऊ द्या म्हणून सगळंच फुकट सोडावं?

भाऊ, उत्तराआधी माझी कबुली ऐका. या धंद्यात मी पहिली पंचवीस वर्षं चोर होतो. १९९१ साली तालुक्याच्या बसस्टँडसमोर मी कॅसेट भरून द्यायचं दुकान टाकलं. दोन डेक, एक ॲम्प्लिफायर, भिंतीवर थर्माकोलची अक्षरं. गिऱ्हाईक वहीच्या पानावर बारा गाण्यांची यादी आणायचं आणि सोबत साठची कोरी कॅसेट. एका बाजूला सहा, दुसऱ्या बाजूला सहा, आणि शेवटी उरलेल्या दीड मिनिटात अर्धं गाणं भरायचं की कोरं सोडायचं यावर घासाघीस. त्यातल्या एकाही गाण्याचा मालक मी नव्हतो. कोणाला तसं वाटलंही नाही.

मग व्हीसीडी आली, मग मेमरी कार्ड. कार्डाचा धंदा २०१६च्या सप्टेंबरात जिओ येईपर्यंत जोरात होता. रोवण्याच्या दिवसांत पोट्टे चिखलाच्या पायांनी दुकानात चढायचे, मोबाइलचं झाकण उघडून, बॅटरी काढून तिच्याखालचं कार्ड नखाने उचकटायचे, शर्टाला पुसायचे आणि हातात द्यायचे. 'काका, दोन जीबी भरून द्या.' काय भरायचं ते सांगतच नसत. ते मीच ठरवायचो. तालुक्यातल्या अर्ध्या पोरांनी त्या वर्षी कोणती गाणी ऐकली याला मी जबाबदार आहे, आणि त्यातले पैसे गाणाऱ्यांपर्यंत एक रुपयाही गेले नाहीत.

आता दुसरी बाजू. २००८ साली मला निर्माता व्हायची हौस आली. आमच्या भागातल्या खडी गंमतीतले (तमाशासारखी लोककला) दोन विनोदी कलाकार घेतले, भंडाऱ्याहून कॅमेरावाला आणला, एक हजार व्हीसीडी छापल्या, वर रंगीत कव्हर. सुरुवातीला माझ्या दुकानाची जाहिरात, माझ्याच आवाजात. एका हंगामाच्या धानाचे पैसे त्यात गेले. महिना-सव्वा महिना झाला असेल, एक मुलगा कार्ड घेऊन आला आणि म्हणाला, 'काका, यातली नवीन कॉमेडी माझ्या मित्राच्या कार्डात टाकून द्या.' फाइल उघडली, तर माझा आवाज. मी काय केलं असेल? कॉपी करून दिली आणि वीस रुपये घेतले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

सातशेच्या आसपास डिस्क पडून राहिल्या. कितीतरी वर्षं त्या भाजीच्या वाफ्यावर दोऱ्याला टांगलेल्या असायच्या, पाखरं हाकलायला. पण त्याच हिवाळ्यात त्या दोन कलाकारांना साकोलीपासून आरमोरीपर्यंत बोलावणी आली. ज्या गावांत माझी डिस्क कधी पोचलीच नव्हती, तिथे कार्डावरची फाइल पोचली होती. म्हणजे फाइल एकच, तिने मला बुडवलं आणि त्यांना जेवू घातलं. कॉपीने नुकसान होतं की फायदा, असा सरसकट प्रश्न मला कोणी विचारला की मी उलट विचारतो, तुम्ही विकता काय? मी डिस्क विकत होतो. ते रात्र विकत होते.

जगात हीच मारामारी मोठ्या प्रमाणावर झाली. १९९९ साली अमेरिकेत नॅप्स्टर निघालं, लोकांनी आपापल्या कॉम्प्युटरवरची गाणी एकमेकांना फुकट द्यायला सुरुवात केली. रेकॉर्ड कंपन्या कोर्टात गेल्या, २००१ साली ते बंद पडलं. कॉपी मात्र बंद पडली नाही, ती टोरेंटवर, म्हणजे एकमेकांच्या कॉम्प्युटरवरून फाइली उतरवायच्या दुसऱ्या सोयीवर गेली. एक बाजू म्हणाली, ही सरळ चोरी आहे. दुसरी म्हणाली, माझ्या कोठीतलं धानाचं पोतं उचललं तर माझं पोतं कमी होतं, गाणं कॉपी केलं तर काय कमी होतं? दोघंही वीस वर्षं तेच बोलत राहिले. या वादाने बाजार हलला नाही. तो हलला २००३ साली, ॲपलने ९९ सेंटला एक गाणं सरळ विकायला काढलं तेव्हा, आणि आपल्याकडे डेटा स्वस्त झाला तेव्हा. चोरीपेक्षा सरळ मार्ग सोपा झाला की बहुतेक माणूस सरळ मार्गाने जातो. माझं कार्ड भरायचं दुकान पोलिसांनी बंद केलं नाही, ते स्वस्त डेटाने बंद केलं.

पण 'पसरू द्या, पसरण्यातच फायदा' हेही मी डोळे मिटून मानत नाही, आणि त्याचं कारण आपल्याच मातीत आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे. दीड-दोन एकराचा शेतकरी. १९८३च्या सुमारास पटेल-३ धानात त्यांना वेगळ्या लोंब्या दिसल्या, त्या बाजूला काढून वर्षानुवर्षं निवडत त्यांनी बारीक तांदळाचा वाण तयार केला. तेव्हा एचएमटीचं घड्याळ भारी मानलं जायचं, तेच नाव धानाला पडलं. हे बी पोत्यापोत्याने, नात्यागोत्याने, बाजारातून पसरत गेलं आणि एचएमटी तांदूळ देशभर गेला. खाणाऱ्याला नांदेडचं नाव माहीत नाही. दादाजी २०१८ साली वारले, तोवर सत्कार झाले, शाली मिळाल्या, पण वाणाच्या पसाऱ्याच्या मानाने घरात काय आलं हे आमच्या भागातल्या कोणालाही विचारा. या बाबतीत २००१चा बियाणांचा कायदा मला कॉपीराइटवाल्यांपेक्षा शहाणा वाटतो. शेतकऱ्याने बी राखावं, पेरावं, शेजाऱ्याला द्यावं, विकावंही. फक्त संरक्षित वाण ब्रँडचं लेबल लावून विकू नये. पसरण्याला मोकळीक, नावाच्या धंद्याला लगाम.

तुमच्या तक्रारीतही मला खरा घाव तिथेच दिसतो. पोराने नाटक टाकलं यापेक्षा नाव न देता टाकलं, हे वाईट. मथळ्यात कंपनीचं नाव आणि खाली बुकिंगचा नंबर असता, तर तो फिरता बोर्डच झाला असता. आता तो बोर्ड फिरतो आहे, पण कोरा.

आता पोराचं. हक्काचा कागद हातात असेल (त्यावर पुढे येतो) तर कायदा तुमच्या बाजूने भक्कम आहे, हे आधी समजून घ्या. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सांगितलं आहे, म्हणजे ठाणेदाराला 'कोर्टात जा' म्हणून हात झटकता येत नाही. धंद्यासाठी केलेलं नसेल तर कोर्ट कारणं देऊन शिक्षा कमी करू शकतं, ते वेगळं. पण विचार करा, तो पोरगा कोणत्या गावचा? ज्या गावाने तुम्हाला मंडईला बोलावलं त्याच गावचा. त्याचा काका मंडळात असणार, मामाच्या गावात तुमचा पुढचा प्रयोग असणार. एकोणीस-वीस वर्षांच्या पोराला मोबाइलच्या शूटिंगवरून कोठडी दाखवलीत, तर ही बातमी नाटकापेक्षा वेगाने फिरेल आणि त्या पट्ट्यात तुम्हाला तारखा मिळणार नाहीत.

यूट्यूबचा मार्ग पोलिसांपेक्षा बरा, तोही समजून वापरा. तक्रारीच्या फॉर्मवर लगेच काढून टाका आणि सात दिवसांनी काढा असे दोन पर्याय असतात. सात दिवसांचा पर्याय घेतला की समोरच्याला सूचना जाते, त्याने त्या मुदतीत स्वतः व्हिडिओ काढला तर त्याच्या चॅनेलवर स्ट्राइक बसत नाही. लगेचच्या पर्यायात स्ट्राइक बसतो, आणि ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले की चॅनेल जातं. तुमच्या प्रकरणात तीन तुकडे आहेत. तिन्हींवर वेगवेगळ्या तक्रारी ठोकल्या तर त्या पोराचं चॅनेल उडण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते, त्यावरची त्याच्या बहिणीच्या लग्नाची शूटिंगही त्यात गेली. शिवाय त्याने प्रतिनोटीस दिली, म्हणजे तक्रारच चुकीची असं यूट्यूबला उलट कळवलं, तर साधारण दहा कामकाजाच्या दिवसांत तुम्हाला कोर्टात गेल्याचा पुरावा द्यावा लागतो. तयारी आहे?

माझ्या हातातून असंच एक प्रकरण गेलं आहे. मंडळाच्या अध्यक्षांना सोबत घेऊन आम्ही पोराच्या घरी गेलो. आई घाबरली, चहा ठेवला. पोरगा आतल्या खोलीतून येईना. आला तेव्हा पहिलं वाक्य, 'मी तर तुम्हाले फेमसच करून राहिलो होतो.' खोटं नव्हतं ते. त्याला तिथेच बसवून मथळ्यात कंपनीचं, लेखकाचं, मुख्य नटांचं नाव टाकायला लावलं, बुकिंगचा नंबर वर्णनात आणि पहिल्या कमेंटीत. मग मीच म्हटलं, तुझा आवाज चांगला आला आहे, कसा काय? तर म्हणे तो खांबावरच्या भोंग्याखाली बसला होता आणि मोबाइल विटेवर ठेवला होता. पुढच्या हंगामात तोच कंपनीचा कॅमेरा धरायला लागला, रात्रीचे पैसे घेऊन. तुमच्या पोराशी जमेल की नाही मला माहीत नाही, पण आधी हे करून पाहा. ऐकला नाहीच, तर मग सात दिवसांची नोटीस.

दोन गावांनी भाव पाडला, त्याचं ऐकू नका. घासाघीस करणारा माणूस कारण शोधतोच. यंदा मोबाइल, मागे पाऊस होता, त्याआधी नोटाबंदी. मोबाइलवर पाहिलं म्हणून मंडईला कोण घरी बसतं? जावई आलेला असतो, लेकी माहेरी आलेल्या असतात, चटई घेऊन रात्रभर बसायचं असतं, आयाबाया मागच्या बाजूला शेंगदाणे सोलत गप्पा करत असतात. हे मोबाइलवर मिळत नाही. तरीही एक गोष्ट त्यांच्या बोलण्यात खरी आहे: चालू हंगामाचं नाटक हंगामातच पूर्ण वर असेल, तर थोडं वजन कमी होतं. म्हणून माझा नियम सोपा आहे. दिवाळी ते होळी, चालू नाटकाचा फक्त एक विनोदी प्रवेश टाकायचा, तीन ते पाच मिनिटांचा, तोही जिथे हशा पिकतो पण गोष्ट उघडत नाही असा. पूर्ण नाटक होळीनंतर. सिनेमावाले आधी टॉकीज आणि काही आठवड्यांनी ओटीटी करतात, तेच आपण गावाच्या मापाने करायचं. मागच्या हंगामाचं नाटक मात्र दिवाळीच्या आधीच पूर्ण टाका. वडशाच्या ऑफिसात तारीख घ्यायला निघालेल्या मंडळाने रस्त्यात जीपमध्ये बसून तुमचं जुनं नाटक पाहिलं पाहिजे.

आता लावणीचा क्लेम. क्लेम आणि स्ट्राइक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि यात निम्मे लोक घाबरून चूक करतात. क्लेम म्हणजे यूट्यूबच्या यंत्राने तुमच्या व्हिडिओतला आवाज कोणा कंपनीच्या नोंदवलेल्या गाण्याशी जुळवला. चॅनेलला धक्का नाही. व्हिडिओवर पैसे आले तर ते बहुतेक वेळा तिकडे जातात, कधी व्हिडिओ अडवला जातो. तुमच्याकडे काय झालं ते न पाहताही सांगतो: लावणीला पेनड्राइव्हवरचा ट्रॅक वाजवला. समोर ऑर्गनवाला, तबलेवाला, ऑक्टोपॅडवाला बसलेले असताना! मूळ कंपनीचं रेकॉर्डिंग वाजलं की यंत्र काही सेकंदांत ओळखतं. ट्रॅक न वापरता तीच चाल तुमच्या वादकांनी वाजवली तरी चालीचा क्लेम येऊ शकतो, कारण चाल ही वेगळी मालमत्ता आणि रेकॉर्डिंग ही वेगळी. उपाय सध्यापुरता: यूट्यूबच्याच एडिटरमध्ये तेवढं गाणं म्यूट करा किंवा कापा, क्लेम निघतो. कायमचा उपाय: लावणी स्वतःची लिहून घ्या, चाल स्वतःची बांधून घ्या. आपल्याकडे ऑर्गनवाले रात्रीच्या रात्री नव्या चाली बसवतात, आणि आपण सिनेमाची उष्टी चाल घेऊन स्वतःच्या व्हिडिओचे पैसे मुंबईला पाठवतो. याला काय म्हणावं!

'पण स्टेजवर तर चालतं ना?' हा पुढचा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. कलम ५२ मध्ये काही सवलती आहेत. हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेला प्रयोग, किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेला प्रयोग, यांना सूट आहे. खऱ्याखुऱ्या धार्मिक कार्यक्रमाला आहे. लग्नाची वरात आणि लग्नाच्या समारंभालाही आहे, २४ जुलै २०२३ला केंद्र सरकारच्या उद्योग खात्याने लग्नांबद्दल जाहीर सूचना काढून तेच पुन्हा सांगितलं. म्हणजे गावची दंडार (हौशी लोकनाट्य), सप्त्यातलं भजन, वरातीतला डीजे यांच्यामागे कोणी वसुलीला लागलं तर कलम दाखवा. तुम्ही मात्र तिकीट लावणारी धंदेवाईक कंपनी आहात, तुम्हाला ही ढाल नाही. शिवाय ही सूट त्या जागेवरच्या सादरीकरणाची आहे. तोच कार्यक्रम यूट्यूबवर चढवला की सवलत मांडवातच राहते. लग्नाच्या व्हिडिओला क्लेम का येतो, त्याचं उत्तर हेच.

खंजिरी भजनवाले एक मंडळ माझ्याकडे येतं, त्यांचंही इथेच सांगून टाकतो, कारण हा घोळ गावोगावी आहे. तुकाराम-ज्ञानेश्वरांच्या अभंगाचे शब्द सर्वांचे आहेत, पण एखाद्या मोठ्या गायकाने बांधलेली चाल आणि त्याचं रेकॉर्डिंग सर्वांचं नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८चं. कायदा लेखकाच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं मोजतो, म्हणजे महाराजांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचना कायद्याच्या हिशेबाने २०२८ अखेरपर्यंत संरक्षित. मंदिरात म्हणायला कोणी अडवत नाही आणि अडवू शकत नाही. अल्बम काढून विकायचा असेल तर गुरुकुंजाला, म्हणजे महाराजांच्या मोझरीच्या आश्रमाला विचारून काढा, शोभतंही ते.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे एवढं लांबलचक लिहायला बसलो ती. पोराने नाटक टाकल्यावर तुम्ही कंपनीच्या नावाने तक्रार करायला निघालात. तक्रारीच्या फॉर्मवर पहिलाच प्रश्न असतो: या कलाकृतीचे हक्क तुमचे आहेत का? तुमच्याकडे काय कागद आहे? लेखकाला वडशात बसून रोख पैसे दिले, त्याने वहीत लिहिलेलं नाटक दिलं, चहा झाला, विषय संपला. कायद्याच्या नजरेत ते नाटक अजून लेखकाचं आहे. कलम १९ सांगतं, हक्क दिले तर लेखी आणि सहीनिशी. लेखी दिले पण मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारत. आणि हक्क घेऊन वर्षभर वापरले नाहीत, वेगळं काही लिहिलेलं नसलं, तर ते परत लेखकाकडे जातात. उद्या तोच लेखक म्हणाला की तुमच्या चॅनेलवरचं माझं नाटक काढा, तर स्ट्राइक तुम्हाला बसेल. पोराला नव्हे, तुम्हाला. मी हे होताना पाहिलं आहे, आणि तेव्हा मालकाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

नटांचंही तसंच. १९९४पासून आपल्या कायद्यात कलावंताचा स्वतःच्या सादरीकरणावर हक्क आहे, आता तो ५० वर्षं टिकतो. कलावंत म्हणजे कोण याची यादी वाचून मला फार आनंद झाला होता: नट, गायक, वादक, नर्तक, कसरतवाला, जादूगार आणि चक्क गारुडी. दिल्लीत बसून कायदा लिहिणाऱ्याला मंडईत फिरवून आणलं असावं असं वाटतं. तर या सगळ्यांची लेखी संमती घेतल्याशिवाय नाटकाचं चित्रीकरण करून विकणं बरोबर नाही, आणि संमती दिली तरी त्याच्या व्यापारी वापरातून रॉयल्टी मिळण्याचा त्यांचा हक्क उरतो. नाव न देणं ही कलावंताचीही तक्रार असू शकते, फक्त कंपनीची नाही. गावच्या मंडळाचा मात्र यात काहीही हक्क नाही. त्यांनी एका रात्रीचा प्रयोग घेतला, नाटक घेतलं नाही. काही मंडळं 'आमच्या मंडपात झालं, आमच्या चॅनेलवर टाकू' म्हणतात. आधीच ठरलं असेल तर टाकू द्या, नसेल तर नम्रपणे नाही म्हणा.

लेखकाबद्दल आणखी दोन शब्द. रात्र विका आणि प्रत सोडा, हे शहाणपण मी वर सांगितलं, पण लेखकाकडे विकायला रात्र नसते. गीतकाराकडेही नसते. नटाला फाइल पसरल्यावर पुढच्या तारखा मिळतात, लेखकाला काय मिळतं? फुकट वाटण्याचं कौतुक करणारे बहुतेक जण स्टेजवर जाणारे असतात, हे मी कधीच विसरत नाही. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या पट्ट्यात फटाके फुटले, आणि फुटायलाच हवे होते. पण ज्यांची वाक्यं रात्रभर म्हटली जातात त्या लेखकांची नावं फलकावर किती बारीक अक्षरात असतात, तेही एकदा पाहा. म्हणून मी ज्या कंपन्यांचं काम करतो त्यांना सांगतो: लेखकाला एकरकमी द्याच, वर प्रत्येक प्रयोगामागे ठरावीक रक्कम आणि यूट्यूबच्या उत्पन्नात वाटा लिहून द्या. गाणी लिहिणाऱ्याला आणि चाल बांधणाऱ्याला तर २०१२च्या दुरुस्तीने कवच दिलं आहे, गाणं चित्रीकरणात वापरलं तर त्यांचा रॉयल्टीचा हक्क कोणी एकरकमी लिहून घेऊ शकत नाही. नाटकाची संहिता दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयात नोंदवायला ५०० रुपये फी आहे, अर्ज ऑनलाइन होतो. नोंदणी सक्तीची नाही, लिहिल्या क्षणी हक्क सुरू होतो. पण वाद झाला की तो कागद बोलतो.

यूट्यूबच्या पैशांचं फार स्वप्न पाहू नका. पूर्ण जाहिरातींसाठी १,००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४,००० तास पाहणं लागतं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यू. लांब व्हिडिओच्या जाहिरातीतले ५५ टक्के तुम्हाला, शॉर्ट्समध्ये ४५. खात्यात १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे निघत नाहीत. त्याआधी पत्ता पटवायला गूगल पोस्टाने पिन नंबर पाठवतं, साध्या पाकिटात. एका कंपनीचं ते पाकीट दोनदा हरवलं. तिसऱ्यांदा पोस्टमन स्वतः दुकानात घेऊन आला आणि म्हणाला, 'हे इंग्रजी पाकीट मी दोनदा रद्दी समजून परत पाठवलं, माफ करा भाऊ.' तेव्हा पोस्टमनला आधी सांगून ठेवा. आणि सगळं जुळल्यावरही, पूर्ण वर्षाचं यूट्यूबचं उत्पन्न चांगल्या मंडईच्या एका रात्रीइतकं झालं तर पेढे वाटा. पैसा अजूनही मांडवातच आहे. मोबाइल मांडव भरायला आहे.

तुमच्यासाठी आता करायचं काम एवढंच. चालू नाटकाचा चढवलेला व्हिडिओ आजच प्रायव्हेट करा, त्यातला एक विनोदी प्रवेश कापून नावांसकट टाका. येत्या आठवड्यात मंडळाच्या अध्यक्षांना घेऊन पोराच्या घरी जा, जाताना त्याच्या आईसाठी दोन पास न्या. लेखकाशी पाच वर्षांचा लेखी करार, त्यात रंगमंच, व्हिडिओ आणि इंटरनेट हे तिन्ही शब्द वेगवेगळे लिहिलेले. नटांच्या आणि वादकांच्या संमतीची एक वही, तालमीच्या पहिल्याच दिवशी सह्या, कारण हंगाम सुरू झाला की कोण कोणाला सापडत नाही. लावणीची नवी चाल ऑर्गनवाल्याकडून बसवून घ्या आणि त्याचं नाव फलकावर टाका. हे झालं की होळीनंतर पूर्ण नाटकाचं शूटिंग घेऊन दुकानात या, बसस्टँडसमोर तेच दुकान आहे. करार आणि वही सोबत आणा. त्याशिवाय मी अपलोडचं बटण दाबत नाही, आणि यात मी आजवर माझ्या साळ्यालाही सूट दिलेली नाही.